पेढीवरील संगणकाचे ‘सिक्युअर बूट’ : दोष, निदान व उपाय



एके काळी पेढी उघडावयाची म्हणजे गादी झटकावी, उदबत्ती लावावी आणि रोजमेळाचे पान उलटावे, एवढ्याने दिवसाचा व्यवहार सुरू होत असे. आता रोजमेळ, खतावणी, मालसाठा, उधारी आणि कराची विवरणपत्रे ही सर्व संगणकाच्या पोटात गेली आहेत. दिवाळीच्या पूजनात चोपड्यांच्या शेजारी संगणकासही कुंकू लागते. परंतु वहीचा एक मोठा गुण या यंत्रात नाही. वही उघडण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. यंत्र मात्र उघडण्यापूर्वी स्वतःशी काही प्रश्न विचारते, आणि उत्तर मनाजोगे न मिळाल्यास ते मुळी उघडतच नाही. अशा वेळी घाबरून केलेला उपाय मूळ रोगापेक्षा घातक ठरतो. आम्ही ही गोष्ट स्वानुभवाने शिकलो. तो अनुभव व त्यातून केलेला अभ्यास सभासदांपुढे ठेवावा, हाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या पेढीवरील प्रसंग

आमचे घाऊक कापडाचे दुकान बेळगावच्या पेठेत आहे. कोल्हापूर व गोव्याकडे माल जातो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला, तेव्हा पेढीवरील जुन्या संगणकावर विंडोज ११ घालावे असे घरात ठरले. पुढे काही आठवड्यांनी, महिन्याच्या १९ तारखेस, आमचे पुतणे सायंकाळी यंत्रापुढे बसले आणि म्हणाले, “काका, नवी प्रणाली घ्यायची तर सिक्युअर बूट हवे, असे यंत्रच सांगते आहे. दोन मिनिटांचे काम आहे.” त्यांनी यंत्राच्या मूळ मांडणीत जाऊन एक जुनी सोय बंद केली, सिक्युअर बूट चालू केले आणि यंत्र पुन्हा सुरू केले. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली. तिचा अर्थ असा की, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी २० तारीख, म्हणजे मासिक विवरणपत्राचा अखेरचा दिवस. रात्रीच एका जाणकार म्हणविणाऱ्या गृहस्थास पाचारण केले. त्यांनी पडदा पाहिला आणि निर्णय दिला, “डिस्क गेली. फॉरमॅट करून सर्व पुन्हा भरावे लागेल.” चार वर्षांचे हिशेब त्या डिस्कवर होते आणि त्यांची शेवटची प्रत दोन महिन्यांपूर्वीची होती. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या नियत दिवसापासून ७२ महिने जपावे लागतात. आमचा हात संमती देण्यासाठी जवळजवळ वर गेलाच होता.

त्या वेळी आमचे वृद्ध मुनीमजी, ज्यांना संगणकाचे विशेष ज्ञान नाही, शांतपणे म्हणाले, “शेठजी, कुलूप बदलले आणि किल्ली लागेना म्हणून कोणी तिजोरी फोडीत नाही. सायंकाळी जी कळ फिरवली ती आधी होती तिथे ठेवून पाहू या.” पुतण्यांनी ती सोय पुन्हा चालू केली आणि सिक्युअर बूट बंद केले. दोन मिनिटांत यंत्र पूर्ववत् सुरू झाले. डिस्कला काहीही झालेले नव्हते. विवरणपत्र वेळेवर गेले.

मुनीमजींचे ते वाक्य हाच या लेखाचा गाभा समजावा. पुढे जे सांगावयाचे आहे ते त्याचे स्पष्टीकरण होय.

सिक्युअर बूट म्हणजे काय ?

संगणकाचे बटण दाबल्याबरोबर प्रथम विंडोज जागे होत नाही. मदरबोर्डवरील एका लहान चिपमध्ये कायम वसलेला एक छोटा कार्यक्रम आधी जागा होतो. यासच फर्मवेअर म्हणतात. तो स्मृती, डिस्क, कळफलक यांची चौकशी करतो आणि मग मुख्य प्रणालीच्या हाती कारभार सोपवितो. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकापासून या कार्यक्रमास बायोस हे नाव रूढ झाले. त्याची जागा पुढे यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली. तिचे नियम ठरविणारी संस्था २००५ साली स्थापन झाली.

जुन्या बायोसचा स्वभाव भोळा होता. डिस्कच्या आरंभी जे काही लिहिलेले असेल ते तो निमूटपणे चालवीत असे. हा भोळेपणा लबाडांच्या ध्यानी लवकरच आला. १९८६ साली लाहोरच्या दोन बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीच्या नेमक्या याच आरंभीच्या भागात बसत असे. जो कार्यक्रम मुख्य प्रणालीच्याही आधी चालतो, तो प्रणालीलाच फसवू शकतो. पहारेकरी कामावर येण्यापूर्वीच चोर दुकानात शिरून बसला असेल, तर रात्रभर पहारा देऊन उपयोग काय ?

यावर उपाय म्हणून २०११ साली यूईएफआयच्या नियमांत सिक्युअर बूटची पद्धत आली आणि २०१२ साली निघालेल्या विंडोज ८ बरोबर ती घरोघरी पोहोचली. तिचे तत्त्व व्यापाऱ्यास समजण्यास मुळीच कठीण नाही. आपल्या पूर्वजांच्या शाहजोग हुंडीचे स्मरण करावे. ती हुंडी घेऊन कोणीही आला तर तिचे पैसे मिळत नसत. बाजारात ज्याची पत जाणलेली आहे अशा शाहामार्फतच ती वटत असे. माणूस अनोळखी असला तरी चालेल, परंतु त्याच्यामागे ओळखीची पत उभी पाहिजे. सिक्युअर बूट हेच करते. आरंभी चालणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमावर ओळखीच्या संस्थेची अंकीय सही आहे की नाही, हे ते तपासते. सही जुळली तर वाट मोकळी. न जुळली तर दार बंद.

या तपासणीसाठी फर्मवेअरमध्ये चार नोंदी असतात. पहिली मालकाची मुख्य किल्ली. तिला पीके म्हणतात आणि ती बहुधा यंत्र बनविणाऱ्याची असते. दुसरी केईके, म्हणजे याद्यांत फेरफार करण्याचा ज्यांना अधिकार आहे अशा मुखत्यारांची किल्ली. तिसरी डीबी, अर्थात मान्य सह्यांची यादी; बँकेतील नमुना सह्यांचे पत्रकच म्हणा ना. चौथी डीबीएक्स, म्हणजे ज्यांची पत बुडाली अशांची यादी. एखादे नाव तिसऱ्या यादीत असूनही चौथीत आले, तर त्यास प्रवेश नाही. पुढील बहुतेक दोषांचे मूळ या चार नोंदींत सापडते.

आरंभी नाडीपरीक्षा

उपचारापूर्वी निदान हवे. यंत्र सुरू होत असल्यास विंडोजची कळ व ‘आर’ ही कळ एकत्र दाबावी. येणाऱ्या चौकटीत एम, एस, आय, एन, एफ, ओ ही सहा इंग्रजी अक्षरे व त्यांस जोडून ३२ हा आकडा टंकित करावा. यंत्राची माहिती देणारे पत्रक उघडते. त्यातील दोन ओळी पाहाव्यात. ‘बायोस मोड’ या ओळीपुढे ‘लेगसी’ किंवा ‘यूईएफआय’ असेल. ‘सिक्युअर बूट स्टेट’ या ओळीपुढे ‘ऑन’, ‘ऑफ’ किंवा ‘अनसपोर्टेड’ असेल.

पहिल्या ओळीत यूईएफआय व दुसरीत ऑफ असल्यास काम सोपे आहे; मांडणीत जाऊन कळ चालू करणे एवढेच बहुधा उरते. पहिल्या ओळीत लेगसी असल्यास मात्र थांबावे. आमच्या पुतण्यांनी ही ओळ पाहिली नव्हती, हीच त्यांची चूक.

फर्मवेअरच्या मांडणीत जाण्याचे दोन मार्ग आहेत. यंत्र सुरू होताच डिलीट, एफ२, एफ१० किंवा एस्केप यांपैकी एक कळ वारंवार दाबावी. कोणती ते यंत्रागणिक भिन्न असते. किंवा शिफ्ट कळ दाबून धरून विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ निवडावे आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज या क्रमाने जावे. लेगसी पद्धतीने चालणाऱ्या यंत्रात हा दुसरा मार्ग दिसत नाही, हेही एक लक्षणच होय.

मांडणीत गेल्यावर एकही कळ फिरविण्यापूर्वी प्रत्येक पानाचे भ्रमणध्वनीने छायाचित्र घ्यावे. आपल्या व्यवसायात पावतीवाचून पैसा हलत नाही. इथेही छायाचित्रावाचून कळ हलू नये.

लक्षण, कारण व उपाय

१. *कळ चालू केली आणि डिस्क सापडेनाशी झाली.* आमचे प्रकरण हेच. जुन्या यंत्रांत सीएसएम नावाची एक सोय असते; तिच्यामुळे यूईएफआय यंत्र जुन्या बायोसचे सोंग घेते. सिक्युअर बूट चालू करण्यासाठी ही सोय बंद करावी लागते. परंतु विंडोज जर या सोंगाच्या आधारे बसविलेले असेल, तर डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असते. विंडोज सुरू होण्यास यूईएफआयला जीपीटी पद्धतीची विभागणी लागते. सोंग उतरले की डिस्कचा पत्ताच लागत नाही. डिस्क शाबूत असते, केवळ वाट बदललेली असते. तात्कालिक उपाय म्हणजे सीएसएम पुन्हा चालू करणे. कायमचा उपाय म्हणजे विभागणीचे रूपांतर. त्याचा विधी पुढे स्वतंत्र दिला आहे.

२. *सिक्युअर बूटची ओळ फिकट दिसते, हात लावता येत नाही.* बहुधा सीएसएम चालू असते. ते बंद करून, मांडणी जतन करून पुन्हा आत यावे. काही यंत्रांत प्रथम पर्यवेक्षकाचा संकेतशब्द ठेवल्यावाचून ही ओळ मोकळी होत नाही. तसा ठेवल्यास तो लिहून तिजोरीत ठेवावा. तो विसरणे म्हणजे नवे संकट.

३. *कळ चालू आहे, तथापि तिच्याखाली ‘नॉट ॲक्टिव्ह’ असे दिसते.* मान्य सह्यांच्या नोंदी रिकाम्या आहेत, मुख्य किल्ली बसलेलीच नाही. यास ‘सेटअप मोड’ म्हणतात. मांडणीत कारखान्याच्या मूळ किल्ल्या पुन्हा बसविण्याचा पर्याय असतो. तो निवडून जतन करावे. याउलट, किल्ल्या पुसण्याचा पर्यायही शेजारीच असतो. घाईत त्यावर बोट पडू देऊ नये.

४. *सही अवैध असल्याची सूचना येते.* तपासणी चालू आहे आणि तिला एक अनोळखी कार्यक्रम सापडला आहे. प्रथम यंत्रास लावलेले पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करून पाहावे; अनेकदा तेवढ्यानेच भागते. यंत्रावर लिनक्सही बसविलेले असल्यास त्याचा आरंभीचा भाग जुना झालेला असू शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुधारणेनंतर असे अनेक दुहेरी संगणक अडले होते. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स अद्ययावत करावे आणि पुन्हा चालू करावे. पेनड्राइव्ह नाही, लिनक्सही नाही आणि तरी सूचना येते, असे असेल तर मात्र ती चेष्टेवारी नेऊ नये. पहारेकरी खरोखरच कोणास तरी अडवीत असेल.

५. *सीएसएम बंद करताच पडदा काळा राहतो.* बेरजेच्या कामासाठी घेतलेल्या जुन्या यंत्रात फार जुने ग्राफिक्स कार्ड असल्यास हे घडते. त्या कार्डास यूईएफआयची भाषा येत नाही. मदरबोर्डवर स्वतःची चित्रसोय असल्यास पडद्याची तार तिथे लावून पाहावी. नसल्यास वीज पूर्ण तोडून, आतील नाण्याच्या आकाराचा सेल काही मिनिटे काढून पुन्हा बसवावा. बहुतेक यंत्रांत मांडणी मूळपदावर येते.

६. *मांडणी वरचेवर आपोआप बदलते, सकाळी दिनांकही चुकीचा असतो.* हा दोष सिक्युअर बूटचा नव्हेच. वर सांगितलेला तो नाण्याचा सेल संपला आहे. बहुतेक मेजावरील यंत्रांत तो सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो व घड्याळजीकडेही मिळतो. अल्प किमतीच्या या वस्तूसाठी अख्खे यंत्र बदलण्याचा सल्ला मिळालेले व्यापारी आमच्या पाहण्यात आहेत.

७. *निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते.* या दोषाने आमच्या गोदामातील यंत्रावर आम्हास अर्धा दिवस ताटकळत ठेवले, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

४८ अंकांची गोष्ट

बिटलॉकर ही विंडोजची सोय डिस्कवरील मजकूर कूटरूप करून ठेवते. यंत्र चोरीस गेले तरी चोरास हिशेब वाचता येत नाहीत. ही किल्ली टीपीएम नामक सुरक्षा-चिपच्या स्वाधीन असते, आणि ती चिप सिक्युअर बूटच्या स्थितीवर लक्ष ठेवून असते. स्थिती बदलली की तिला संशय येतो, ती किल्ली देत नाही, आणि यंत्र मालकास सहा-सहा अंकांच्या आठ गटांची पुनःप्राप्ती किल्ली मागते. यात यंत्राचा दोष नाही. नमुना सही बदलली तर बँकही खातेदारास बोलावून घेतेच.

पुष्कळ नव्या यंत्रांत हे कूटन मालकाच्या ध्यानी न येता आधीच चालू असते. आमच्या गोदामातही तसेच होते. किल्ली कोठे आहे याचा शोध घेता कळले की, ती मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्यात जतन झाली होती ते खाते पेढीचे नव्हते. यंत्र प्रथम सुरू करणाऱ्या आमच्या पूर्वीच्या एका गुमास्त्याचे होते. ते गृहस्थ काम सोडून दुसऱ्या गावी गेले होते. त्यांना दूरध्वनी केला. त्यांनी आपले खाते उघडून, पडद्यावर दिसणारी किल्लीची ओळखखूण जुळवून, ४८ अंक एकेक करून वाचून दाखविले. ते सज्जन होते आणि आमचे संबंध गोड होते, म्हणून हे साधले. पण विचार करावा : लाखो रुपयांच्या मालाचा हिशेब ज्या किल्लीने बंद होता, ती किल्ली पेढीच्या मालकाकडे नव्हतीच. ती किल्ली हरवली असती, तर जगातील कोणताही तंत्रज्ञ, खुद्द यंत्र बनविणाराही, तो मजकूर परत देऊ शकला नसता.

म्हणून प्रत्येक सभासदाने आजच्या आज आपल्या प्रत्येक यंत्राची ही किल्ली पाहून, कागदावर उतरवून, यंत्रापासून दूर ठेवावी. फर्मवेअरची मांडणी बदलावयाची असल्यास त्यापूर्वी बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. टीपीएम साफ करण्याचा पर्याय दिसल्यास त्यास स्पर्श करू नये.

जुन्या विभागणीचे रूपांतर

लेगसी यंत्र यूईएफआयवर आणण्यासाठी फॉरमॅट करावेच लागते, हा समज चुकीचा आहे. विंडोज १० मध्ये २०१७ सालापासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचे साधन अंतर्भूत आहे. ते मजकूर न पुसता विभागणीचे रूपांतर करते. क्रम असा ठेवावा :

प्रथम, सर्व हिशेबांची पूर्ण प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड. दुसरे, यंत्रास वीज खंडित होऊ न देणारे यूपीएस जोडावे. तिसरे, या साधनास नुसती परीक्षा करण्याची आज्ञा द्यावी. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग असल्यास, किंवा विस्तारित विभाग असल्यास, ते नकार देते आणि काहीही बदलत नाही. चौथे, परीक्षा उतरल्यावरच रूपांतराची आज्ञा द्यावी. पाचवे, रूपांतरानंतर जुन्या वाटेने यंत्र सुरू होत नाही. म्हणून लगोलग मांडणीत जाऊन सीएसएम बंद करावे आणि सिक्युअर बूटला हात न लावता यंत्र एकदा सुरू करून पाहावे. सहावे, ते नीट चालल्यावर सिक्युअर बूट चालू करावे व आरंभी सांगितलेल्या दोन ओळी पुन्हा वाचाव्यात. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तपासणी, हा नियम मोडू नये. आम्ही पेढीवरील यंत्रास रविवारी, दुकान बंद असताना, याच क्रमाने मार्गी लावले.

इतके करूनही विंडोज ११ बसेलच असे नाही. त्यास टीपीएम २.० व मान्य यादीतील प्रोसेसरही लागतो. हे आधी पाहून मगच खटाटोप करावा.

मुदतीची एक नोंद

हुंडीप्रमाणे या सह्यांनाही मुदत असते. विंडोजच्या यंत्रांत २०११ सालची जी प्रमाणपत्रे बसविलेली आहेत, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. विंडोजच्या आरंभी भागावर सही करणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत ऑक्टोबर २०२६ ची आहे. त्यांच्या जागी २०२३ सालची नवी प्रमाणपत्रे येतात. मुदत संपली म्हणून यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही, हे ध्यानात ठेवावे आणि भीती घालून नवे यंत्र गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहावे. परंतु नवी प्रमाणपत्रे न मिळालेल्या यंत्रास आरंभी भागाच्या पुढील सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत. विंडोजच्या सुधारणा नियमित घेणे आणि यंत्र बनविणाऱ्याने फर्मवेअरची सुधारणा दिली असल्यास ती यूपीएसवर, अर्ध्यावर न थांबविता घालणे, हा त्यावरील मार्ग होय.

समारोप

काही जण म्हणतील, इतका उपद्व्याप करण्यापेक्षा ही कळ बंदच ठेवली तर काय बिघडले ? त्यांस आमचे उत्तर असे. २०१८ साली ‘लोजॅक्स’ या नावाने उघडकीस आलेला घातक कार्यक्रम फर्मवेअरच्या चिपमध्येच घर करीत असे. डिस्क बदलली तरी तो जात नसे. २०२३ साली ‘ब्लॅकलोटस’ने जुन्या, परंतु बाद न केलेल्या सहीचा फायदा घेऊन चालू असलेल्या सिक्युअर बूटलाही चकविले. म्हणजे पहारेकरी ठेवणे पुरेसे नाही, त्याच्या हातातील याद्याही ताज्या हव्यात. आणि हेही खरे की, खोट्या ईमेलला भुलून दिलेला संकेतशब्द, किंवा खंडणीसाठी हिशेब कूटबद्ध करणारा कार्यक्रम, यांपासून सिक्युअर बूट वाचवीत नाही. ते दाराशी उभे आहे, गल्ल्यावर नाही. गल्ल्याची राखण रोजच्या प्रतीने आणि आपल्या सावधपणानेच होते.

आपल्या पूर्वजांनी हुंडी गहाळ झाल्यास पेठ, आणि पेठही गहाळ झाल्यास परपेठ लिहून देण्याची रीत पाडली. विश्वासाबरोबर पर्यायी प्रतीचीही तजवीज ठेवणे हे व्यापाराचे जुने शहाणपण आहे. यंत्र नवे आले म्हणून ते शहाणपण जुने झाले नाही. यंत्र अडले असता कोणी “फॉरमॅट करावे लागेल” असे म्हणाल्यास सभासदांनी त्यास इतकेच विचारावे : “शेवटी कोणती कळ फिरवली होती, आणि ती परत ठेवून पाहिली काय ?” एवढ्या प्रश्नाने एखाद्या पेढीचे हिशेब वाचले, तर हा लेख लिहिण्याचे श्रम सफल झाले असे आम्ही समजू.